चादरीखालचा रिपोर्ट

संकटाच्या वेळी कुटुंब एका आवाजात बोलतं, आणि त्या आवाजात मोठं बळ असतं. हे वाक्य या घरात तीन पिढ्यांत निदान चार जणांनी गळा दाटून उच्चारलेलं होतं. त्या सुट्टीच्या दिवशी ते खरंही ठरलं. खाली कारखान्यात सगळं कुटुंब एका आवाजात बोलत होतं. फक्त जिच्यावर संकट आलं होतं तिला बोलावलेलं नव्हतं, आणि ती जिना उतरते आहे हे ऐकू आल्याबरोबर तो आवाजही बंद झाला.

जिन्याला अठरा पायऱ्या. तीन भावंडांतली मधली त्या दोन थांबे घेऊन उतरली. पाच महिन्यांपूर्वी ती याच पायऱ्या खांद्यावर कापडाचा तागा घेऊन उतरायची. मग पोट वाढायला लागलं. वजन वाढलंय, असं घराचं मत पडलं. वहिनीने तिची साखर बंद केली. धाकटीचा नवरा औषध कंपनीत विक्रेता होता, त्यामुळे शरीरशास्त्रातला शेवटचा शब्द त्याचा. त्याने चालायला सांगितलं. ती चालली. चालून दम लागला. दम लागतो म्हणजे वजन फारच वाढलंय, असं तो म्हणाला, आणि आणखी चालायला सांगितलं. शेवटी ती रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीवर बसली ती उठेना, तेव्हा दवाखाना झाला. छातीत सुई घालून दीड लिटर पाणी काढलं. पोटाचं स्कॅन झालं, रक्त गेलं. रिपोर्ट दादाकडे आला, आणि दादा तिला म्हणाला, "काही नाही गं, पाणी झालंय. विश्रांती घे."

त्याला दहा दिवस झाले होते. पाणी पुन्हा भरत होतं. ते तिला रिपोर्टशिवाय कळत होतं. उजव्या कुशीवर झोपलं की जमत होतं, डाव्या कुशीवर नाही.

कारखान्याचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थांबली. सगळे गिऱ्हाइकांच्या फर्निचरवर बसले होते. दादा दंतवैद्याच्या दोन माणसांच्या सोफ्यावर. वहिनी संगीत शिक्षिकेच्या स्टुलावर. धाकटी आणि तिचा नवरा एका विमा कचेरीच्या बाकावर, मध्ये रुमालांचं खोकं ठेवून. सोफे-खुर्च्या दुरुस्त करायचा हा धंदा ज्या आजोबांनी काढला त्यांनी मागे दोनच नियम ठेवले होते, आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसायचं नाही हा त्यातला पहिला. चाळीस वर्षांत तो इतक्या लोकांनी एका वेळी मोडलेला तिने पाहिला नव्हता. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

तिला पाहून सगळे उठले. सगळे हसले. आणि हसत हसत चौघेही दोन पावलं डावीकडे सरकले आणि चादर टाकलेल्या एका खुर्चीपुढे ओळीने उभे राहिले.

"अगं मधले, तू कशाला उतरलीस?" दादा म्हणाला. "पडून राहायचं सोडून."

"न्यायाधीशांची खुर्ची द्यायचीय परवा. पाठ राहिलीय."

"होईल गं ती. काम छान चाललंय."

मधलीने दादाकडे बघितलं. हे वाक्य तिने स्वतः हजार वेळा तरी म्हटलं असेल. आजोबांचा दुसरा नियम असा होता की उसवलेला माल गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही. आपल्या सोफ्याचे स्प्रिंग, काथ्या आणि चाळीस वर्षांची धूळ बाहेर आलेली पाहिली की माणूस खचतो. सोफा मेला असं समजतो आणि उचलून दुसरीकडे नेतो. म्हणून गिऱ्हाईक दारात दिसलं की वरून चादर टाकायची, चादरीपुढे उभं राहायचं, हसायचं आणि म्हणायचं, काम छान चाललंय. घरातल्या प्रत्येकाला हे बोलता यायच्या आधीपासून येत होतं. घरातल्या कुणालाच आजवर गिऱ्हाईक होऊन ते ऐकायची वेळ आली नव्हती.

"बाजूला हो, दादा."

"मधले, ऐक."

"ती माझी खुर्ची आहे. मी उसवलीय. बाजूला हो."

दादा सरकला. सहासष्ट वर्षांचा माणूस, पण मधलीने आवाज चढवला की तो बारा वर्षांचा होई. तिने चादर ओढली. खुर्चीचं पोट उघडं होतं, आणि स्प्रिंगांच्या दुसऱ्या ओळीत दवाखान्याचं खाकी पाकीट खोचलेलं होतं.

घरात तिजोरी होती. तीन कपाटं होती, त्यातल्या दोहोंना कुलपं होती. पण दादाच्या हिशेबी लपवायचं म्हणजे चादरीखाली. चादर दुसरं कुणी उचलत नाही. ज्याचं काम तोच उचलतो. आणि जिचं हे काम आहे ती आता ते पुरं करायला येणार नाही, असं तो धरून चालला होता. पाकिटापेक्षा तिला तेच जास्त लागलं.

ती पुढे आली आणि न्यायाधीशांच्या खुर्चीच्या कडेवर टेकली. आता एक नियम काय नि दोन काय.

"सांगा आता. कोण सांगतंय?"

दादा रडायला लागला. धाकटी आधीपासूनच रडत होती. तिने फक्त आवाज वाढवला. तेव्हा औषधवाल्याने घसा साफ केला. वाईट बातमी सांगायची त्याची एक पद्धत होती. मान डावीकडे झुकवायची आणि मोठ्या डॉक्टरांसारखं हळू बोलायचं.

"ताई, मनाची तयारी ठेवा. डाव्या बीजकोशाला गाठ आहे. सोळा सेंटीमीटरची. पोटात पाणी, छातीत पाणी. सीए-एकशेपंचवीस नावाची एक तपासणी असते, ती पस्तिसाच्या आत हवी. तुमची चारशेऐंशी आलीय. याचा अर्थ या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा."

"तुम्ही कुणाला विचारलंत?"

"मला विचारायची गरज पडत नाही, ताई. पंधरा वर्षं या क्षेत्रात आहे."

"खोकल्याचं औषध विकता ना तुम्ही?"

"श्वसनविकार विभाग," तो म्हणाला. "शेवटची पायरी आहे ही. छातीपर्यंत पोचलं म्हणजे कापाकापी करून हाल करायचे नसतात. आम्ही सर्वांनी मिळून ठरवलंय. शहराबाहेर एक शुश्रूषागृह आहे, झाडं-बिडं आहेत, बाग आहे. तुम्हाला शांतता मिळेल."

"मला शांतता कधी हवी होती? साठ वर्षं होत आली, या घरात कुणी मला शांत बघितलंय?"

"तेच तर," वहिनीच्या तोंडून निसटलं.

"तुम्हीही यात होतात, वहिनी?"

वहिनीने मान खाली घातली. खिडकीजवळचं शिवणाचं टेबल कुणाचं, यावर या दोघींचं तीस वर्षं भांडण चालू होतं आणि दोघींपैकी एकीलाही ते संपावंसं वाटत नव्हतं. "मला काय कळतं त्यातलं, वन्सं. भावजी म्हणाले, रिपोर्टात स्पष्ट लिहिलंय."

"गिअर कुठाय?"

गिअर म्हणजे दादाची मुलगी. कारखान्याची व्हॅन चालवायची आणि माणसं असोत की गल्ली, सगळीकडून एकाच वेगाने जायची. तिला या बैठकीतून मुद्दाम वगळलं होतं, कारण तिच्या तोंडात काही राहत नसे. ती मागच्या अंगणात व्हॅनखाली पडलेली होती. हाक ऐकून हात पुसत आली.

"वाच," मधली म्हणाली. "सगळं. खालपर्यंत."

गिअरने वाचलं. गाठ, पाणी, चारशेऐंशी. हे सगळं होतं तसंच होतं. मग पान उलटलं.

"मागेही लिहिलंय."

"ते असं लिहितातच," औषधवाला म्हणाला.

"छातीतल्या पाण्यात कर्कपेशी आढळल्या नाहीत. गाठ घन आहे, कडा स्पष्ट आहेत. निदान निश्चित नाही. एमआरआय करून शस्त्रक्रियेच्या विचारासाठी स्त्रीरोग शल्यतज्ज्ञांकडे तातडीने पाठवावे." गिअरने वर बघितलं. "तातडीनेच्या खाली रेघ मारलीय, काका. पेनाने."

स्टुलाचा पाय फरशीवर करकरला. वहिनी उठली होती.

"दहा दिवस?" ती दादाला म्हणाली. "तुम्ही पान उलटलं नाहीत?"

"मला वाटलं, यांनी वाचलंय."

"आणि तू गं?"

"यांनी वाचलं होतं ना," धाकटी रुमालातून म्हणाली, आणि बाकावर नवऱ्यापासून चांगली दोन वीत लांब सरकली.

"पाण्यात पेशी नेहमी सापडतातच असं नाही," औषधवाला म्हणाला. तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याचं सगळं आयुष्य या अगदीच-चुकीचं-नाही वरच उभं होतं. "आकडा बघा ना. चारशेऐंशी! मी पाहिलेली आहेत माणसं. तुम्ही तिला खोटी आशा लावताय."

"भावजी," मधली म्हणाली. दम लागत होता म्हणून ती तुकड्यातुकड्याने बोलली, पण तुकडे नीट पोचत होते. "या कारखान्यात एखादा कारागीर आला, त्याने सोफा बाहेरून बघितला आणि म्हणाला, आत सगळं कुजलंय, टाकून द्या. उसवून न बघता. तर दादा त्याला किती दिवस ठेवेल?"

"सोफा वेगळा, ताई. माणूस वेगळं."

"हो ना. सोफ्याला तर आपण विचारतही नाही. मला तरी विचारायचंत." ती खुर्चीवरून उठली. "वाईट असेल तर असू दे. पण ते उघडून बघितल्यावर, आणि मला तोंडावर सांगून. चादर टाकून नाही. उद्या मी जाणार त्या शल्यतज्ज्ञांकडे. ज्याला यायचं त्याने यावं. आणि बागेत जायचं असेल तर भावजींनी जावं, त्यांना दमही लागत नाही."

"मी येणार," वहिनी म्हणाली. "आणि वन्सं, ते खिडकीचं टेबल मी काही तुम्हाला असं फुकटात सोडून जाऊ देणार नाही. आधी बऱ्या व्हा, मग भांडून घेईन."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत रुग्णाशेजारी एकच खुर्ची होती. तिच्यावरून दादा आणि औषधवाला यांच्यात सभ्य ओढाताण झाली आणि वहिनी बसली. डॉक्टरीणबाई बुटक्या, करड्या केसांच्या. त्या सकाळीच गिअरने रिपोर्ट दाखवून एमआरआय करून घेतला होता. त्या फिल्मा भिंतीवरच्या दिव्यावर लावलेल्या होत्या.

"त्याचं असं आहे, मॅडम," औषधवाला म्हणाला, "आम्ही कुटुंब म्हणून असं ठरवलंय की—"

"पेशंट कोण?"

"मी," मधली म्हणाली.

"मग तुम्ही बोला. पाळी कधी गेली? पोट कधीपासून? वजन कमी झालं का? भूक?"

वजन वाढलं होतं, पण हात बारीक झाले होते. भूक होती, जागा नव्हती. मधलीने सांगितलं आणि डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. मग पडद्यामागे नेऊन तपासलं. त्यांचा हात कारागिराचा होता. कुठे दाबायचं आणि कुठे नुसतं टेकवायचं हे त्या हाताला माहीत होतं. मधलीला ते लगेच कळलं. माणसाबद्दल तिची एवढीच एक परीक्षा होती.

"सरकते," बाहेर येऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दगडासारखी टणक आहे, पण कुठे चिकटलेली नाही. आणि इथे बघा." त्यांनी पेनाचं टोक फिल्मवर ठेवलं. पांढऱ्या पाण्यात एक काळा गोळा होता. "अशी काळी दिसते ती बहुतेक वेळा तंतूंची गाठ असते. फायब्रोमा. साधी गाठ, पसरत नाही. क्वचित कधी अशी साधी गाठ पोटात आणि छातीत पाणी करते, आकडाही चढवते. मेग्ज सिंड्रोम म्हणतात. दिसायला हुबेहूब शेवटच्या पायरीचा कॅन्सर. असतं मात्र काहीच नाही."

"पण सीए-एकशेपंचवीस?" औषधवाला म्हणाला.

"पोटाचं अस्तर पाण्याने चिडलं तरी तो चढतो. तो आकडा संशय घ्यायला असतो, निकाल द्यायला नाही. आपण कोण?"

"जावई," वहिनी म्हणाली. "खोकल्याचे."

"म्हणजे कॅन्सर नाही," दादा म्हणाला आणि खिशात रुमाल शोधू लागला.

"असं मी म्हटलं नाही. अशा गाठी फार थोड्या. मी वीस वर्षांत पाण्यासकट अशा चार बघितल्यात. पाचवी असेल किंवा नसेल. गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि दुसरं कुणी सांगत असेल तर ऐकू नका."

मधलीने वळून कुणाकडेही बघितलं नाही. तिला बघायची गरज नव्हती. मागच्या भिंतीजवळ औषधवाल्याचे बूट सरकल्याचं तिला ऐकू आलं.

"कसं करणार?"

"आधी छातीतलं पाणी काढू, म्हणजे भूल सोसेल. मग पोट उघडायचं. गाठ न फोडता अख्खी काढायची. तुम्ही टेबलावर असतानाच तिचा तुकडा तपासायला जाईल. चांगलं निघालं तर दोन्ही बीजकोश आणि गर्भाशय काढून थांबेन, या वयात ठेवून उपयोग नाही. वाईट निघालं तर आणखी बरंच काढावं लागेल. ते मोठं ऑपरेशन होईल. धोका आहे. भुलीचा आहे, रक्ताचा आहे. टेबलावरून उठणार नाही असंही होऊ शकतं."

"आणि नाही केलं तर?"

"पाणी भरत राहील. मी काढत राहीन. किती दिवस, ते सांगता येत नाही."

"मधले," दादा म्हणाला. "तू टेबलावर गेलीस तर मी काय करू? आईच्या वेळी मीच सही केली होती. मला पुन्हा नको."

दादाने दहा दिवस पान का उलटलं नाही, ते मधलीला आत्ता कळलं. तीस वर्षांपूर्वी आईच्या ऑपरेशनच्या कागदावर थोरला म्हणून त्याने सही केली होती आणि आई परत आली नव्हती. तेव्हापासून तो कारखान्याच्या पावत्यांवरसुद्धा सही करत नसे. आता ते काम गिअरकडे होतं. तिला त्याची दया आली. पण दया आली म्हणून मरायची तिची तयारी नव्हती.

"तुला कोण सही मागतंय?" ती म्हणाली. "बाई, कागद द्या इकडे. माझं पोट, माझी सही."

तिने सही केली. मोठी, वळणदार, कागदाच्या रेघेबाहेर जाणारी. खाली साक्षीदाराची जागा होती. औषधवाल्याने सवयीने खिशातलं पेन काढलं. वहिनीने ते त्याच्या हातातून घेतलं, सही केली आणि पेन आपल्या पर्समध्ये टाकलं.

ऑपरेशन पाचव्या दिवशी झालं. त्या तीन तासांचं मधलीला काही सांगता येत नाही. तिने ते पुढे वहिनी आणि गिअरकडून वेगवेगळं ऐकलं, आणि दोघींच्या हकिगती फक्त एका ठिकाणी जुळल्या. पाऊण तासाने एक परिचारिका ट्रेवर झाकलेलं भांडं घेऊन कॉरिडॉरमधून तपासणीच्या खोलीकडे निघाली. तेव्हा दादा उठला आणि तिच्या वाटेत उभा राहिला.

"त्यावरचं कापड काढा," तो म्हणाला.

"काका, बघवणार नाही तुम्हाला."

"काढा म्हणतो ना."

तिने काढलं. दादाने बघितलं. पांढरी, गुळगुळीत, ओबडधोबड गाठ, एखाद्या मोठ्या बटाट्यासारखी. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "ठीक आहे. न्या." आणि जाऊन बाकावर बसला. त्या दिवशी तो रडला नाही. धाकटी त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिचा नवरा समोरच्या बाकावर एकटाच होता आणि भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचत होता, दोन्ही बाजूंनी वाचता आला असता तर त्याने तसाही वाचला असता.

तुकडा चांगला निघाला. डॉक्टरीणबाई दोन्ही बीजकोश आणि गर्भाशय काढून थांबल्या. गाठ एक किलो तीनशे ग्रॅम भरली. पोटातून चार लिटर पाणी निघालं.

पक्का रिपोर्ट आठवड्याने आला. तो मधलीने स्वतः उघडला, वॉर्डातच उशीला टेकून, आणि सगळ्यांना खाटेभोवती उभं करून गिअरकडून मोठ्याने वाचून घेतला, दोन्ही बाजूंनी. मागची बाजू कोरी होती. पुढच्या बाजूवर लिहिलं होतं की गाठ तंतूंची, साधी, पाण्यात वाईट काही नाही, पुढे कसलंही औषध नाही.

"औषधच नाही?" दादाने विचारलं.

"नाही लिहिलंय, बाबा."

औषधवाल्याने मान डावीकडे झुकवली. "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो की पाणी आहे म्हणजे—"

"भावजी," मधली म्हणाली, "चहा आणा."

त्याने आणला. बरा होता. वहिनीने तो पिता पिता सांगितलं की मधलीच्या गैरहजेरीत खिडकीचं टेबल तिने वापरायला घेतलं आहे आणि आता सवय झाली आहे. मधली उशीवरून जेवढी उठता येईल तेवढी उठली. धाकटी मध्ये पडली, दादा मध्ये पडला, आणि आवाज एवढा वाढला की वॉर्डातल्या परिचारिकेने येऊन सगळ्यांना बाहेर काढलं.

ऑपरेशननंतर सोळाव्या दिवशी छातीचा एक्सरे काढायचा होता. मधली अठरा पायऱ्या न थांबता उतरली, गिअरच्या व्हॅनमधून दवाखान्यात गेली, आणि फळीला छाती लावून, सांगितलं तेव्हा श्वास धरून उभी राहिली. एक्सरेवाल्याने फिल्म उजेडात धरली, चिठ्ठी बघितली, पुन्हा फिल्म बघितली आणि विचारलं, "कशासाठी पाठवलंय तुम्हाला?"